थेंब, वीज आणि एक पातळ थर



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्या सरांनी विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांना भौतिकशास्त्र शिकवलं. एखादं यंत्र कसं चालतं हे सांगताना आकडा टाळायचा नाही, आणि आकडा सांगितला की तो कुठून आला हेही सांगायचं, ही त्यांची शिस्त होती. आजचा विषय मी त्याच शिस्तीत मांडणार आहे.

विषय आहे एका मायक्रोलिटरचा थेंब. एक मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच अशा घनात मावेल एवढं पाणी. हा थेंब काचेच्या सपाट तुकड्यावर हवा तिकडे नेता येतो. त्याचे दोन भाग करता येतात, तो दुसऱ्या थेंबात मिसळता येतो, जागच्या जागी थोपवून ठेवता येतो. पंप नाही, नळी नाही, झडप नाही, हलणारा एकही सुटा भाग नाही. थेंबाखालच्या छोट्या छोट्या इलेक्ट्रोडना कोणत्या क्रमाने विजेचा दाब द्यायचा, एवढंच ठरवायचं असतं. या तंत्राला डिजिटल मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. थेंब हलवणं ही या तंत्रातली तुलनेने सोपी बाजू आहे. द्रव आणि घन जिथे एकमेकांना भेटतात, त्या काही मायक्रोमीटर जाडीच्या थरात या विद्येचा जन्म झाला. ती रुग्णापर्यंत पोचणार की प्रात्यक्षिकातच अडकणार, याचा निकालही बराचसा त्याच थरात लागतो. म्हणून आज थेंबाइतकंच मी त्या थराबद्दल बोलणार आहे.

लहान आकाराचे कायदे

पहिला प्रश्न असा की लहान थेंबच का? मोठ्या भांड्यातलं पाणी वीज देऊन असं सरकवता का येत नाही?

कोणत्याही वस्तूची लांबी-रुंदी-उंची दहापट कमी केली की तिचं वजन हजारपटीने कमी होतं, पण तिची कड फक्त दहापटीने कमी होते. वजन आकारमानावर अवलंबून असतं आणि पृष्ठताणाची ओढ कडेच्या लांबीवर. त्यामुळे वस्तू लहान होत गेली की एका टप्प्यावर वजन मागे पडतं आणि पृष्ठताणाची सत्ता सुरू होते. पाण्यासाठी हा टप्पा सुमारे २.७ मिलिमीटरचा आहे. आपल्या एका मायक्रोलिटरच्या थेंबाचं वजन भरतं एक मिलिग्रॅम, म्हणजे साधारण १० मायक्रोन्यूटन बल. पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला मीटरमागे ०.०७२ न्यूटन असतो. म्हणजे एक मिलिमीटर कडेवर तो ७२ मायक्रोन्यूटनची ओढ लावू शकतो. थेंबाच्या जगात वजन हा दुय्यम पुढारी आहे. ज्याच्या हाती पृष्ठताण, त्याच्या हाती थेंब.

अळवाच्या पानावर पाणी टाकलं तर ते गोळा होऊन घरंगळतं. स्वच्छ काचेवर टाकलं तर पसरतं. पाण्याची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. अळवाच्या पानावर तो दीडशे अंशांच्या आसपास असतो, स्वच्छ काचेवर फारच कमी. हा कोन तीन ताणांच्या समतोलातून ठरतो: द्रव आणि हवा यांच्यामधला, घन आणि हवा यांच्यामधला, घन आणि द्रव यांच्यामधला. इंग्लंडमध्ये टॉमस यंग यांनी १८०५ साली हे मांडलं. त्यातल्या शेवटच्या, घन आणि द्रव यांच्यामधल्या ताणाला बाहेरून हात घालता आला, तर पृष्ठभाग न बदलता स्पर्शकोन बदलता येईल. तो हात विजेचा निघाला.

पाऱ्यापासून पाण्यापर्यंत

गॅब्रिएल लिपमन हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ तरुणपणी जर्मनीत हायडेलबर्गला काम करत होते. तिथे शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी त्यांना एक प्रयोग दाखवला. विरल गंधकाम्लाखाली पाऱ्याचा थेंब ठेवायचा आणि लोखंडाच्या तारेने त्याला स्पर्श करायचा. थेंब आकसतो. तार काढली की पुन्हा पूर्ववत होतो. पाहणाऱ्याला ही एक गंमत वाटली असती. लिपमननी त्यातलं कारण शोधलं: पारा आणि आम्ल यांच्या सीमेवर विद्युतभार साचतो, आणि भार बदलला की त्या सीमेवरचा ताण बदलतो. १८७५ साली त्यांनी पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधात हा संबंध गणितासह मांडला.

त्यावरून त्यांनी एक उपकरणही केलं. बारीक काचनळीत पारा, त्याच्या टोकाशी आम्ल. विजेचा दाब थोडासा बदलला की पाऱ्याची कड नळीत वर-खाली सरकते आणि सूक्ष्मदर्शकातून दिसते. या केशिका विद्युतमापकाने व्होल्टच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी फरक टिपता येत. १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी याच उपकरणाने माणसाच्या हृदयाचा विद्युत आलेख छातीवर चीर न देता पहिल्यांदा नोंदवला. आज गल्लोगल्लीच्या दवाखान्यात निघणाऱ्या ईसीजीची ही पहिली पायरी आहे. लिपमनना १९०८ साली नोबेल मिळालं ते रंगीत छायाचित्रणाच्या पद्धतीसाठी. पण आपल्या आजच्या विषयाचे आद्य पुरुष म्हणूनही त्यांचं नाव घ्यायला हवं.

मग पाण्याचा थेंब विजेने हलवायला आणखी शंभराहून अधिक वर्षं का लागली? कारण पाणी वीज फार सहन करत नाही. पाण्यात उघडी धातूची पट्टी बुडवून दाब वाढवला की तत्त्वतः १.२३ व्होल्टपासूनच पाण्याचं विघटन शक्य होतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे येऊ लागतात. तेवढ्या दाबात थेंबाचा आकार कामापुरताही बदलत नाही.

ही कोंडी फोडली फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या ब्रुनो बेर्ज यांनी, १९९३ साली. त्यांनी पाणी आणि धातू यांच्यामध्ये एक पातळ विद्युतरोधक थर घातला. आता पाणी धातूला शिवतच नाही, त्यामुळे विघटन होत नाही आणि दाब शंभर-दोनशे व्होल्टपर्यंत नेता येतो. थराच्या एका बाजूला धातू, दुसऱ्या बाजूला थेंब. दोघे मिळून एक कपॅसिटर तयार होतो. त्यात साठणारी ऊर्जा घन आणि द्रव यांच्यामधल्या सीमेच्या खात्यात जमा होते आणि थेंब पसरू पाहतो. लिपमनचा सिद्धांत आणि बेर्जचा थर यांच्यात ११८ वर्षांचं अंतर आहे. नियम ठाऊक होता. तो वापरता येईल असा पृष्ठभाग करायचा राहिला होता. बेर्ज यांनी पुढे २००२ साली लिओंमध्ये व्हारिऑप्टिक ही कंपनी काढली. विजेच्या दाबाने वक्रता बदलणारी द्रवाची भिंगं तिथे तयार झाली.

चिपवर काय घडतं

आता एक चिप जवळून पाहू. खाली काच किंवा सर्किट बोर्ड. त्यावर चौरस इलेक्ट्रोडची जाळी, एकेकाची बाजू एक ते दोन मिलिमीटर. त्यावर विद्युतरोधक थर, बहुधा पॅरिलिन नावाच्या प्लॅस्टिकचा. त्याच्याही वर टेफ्लॉनसारख्या जलरोधी पदार्थाचा अगदी पातळ लेप. वरून पारदर्शक वाहक लेप असलेली दुसरी काच, तिलाही आतून टेफ्लॉन. दोन्ही काचांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून तिसऱ्या भागापर्यंत. थेंब या फटीत चपटा होऊन बसतो.

हिशोब करून पाहू. पॅरिलिनची जाडी ५ मायक्रोमीटर, त्याचा परावैद्युतांक ३, आणि दाब १०० व्होल्ट. बेर्जच्या पद्धतीने आकडे घातले तर दर मीटर रुंदीमागे सुमारे ०.०२७ न्यूटन बल येतं. दोन मिलिमीटर रुंदीच्या इलेक्ट्रोडवर ते ५३ मायक्रोन्यूटन भरतं. एका मायक्रोलिटरच्या थेंबाचं वजन १० मायक्रोन्यूटन होतं हे लक्षात असेलच. म्हणजे थेंबाला त्याच्या वजनाच्या पाचपट ओढ बसते. स्पर्शकोन टेफ्लॉनवर मुळात ११५ अंशांच्या आसपास असतो. १०० व्होल्ट दिल्यावर तो ९३ अंशांपर्यंत उतरतो. बल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून दाब दुप्पट केला तर बल चौपट व्हायला हवं. काही मर्यादेपर्यंत तसं होतं. त्यापुढे कोन कमी व्हायचा थांबतो. हे असं का होतं, याबद्दल भौतिकशास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही.

थेंब एका इलेक्ट्रोडवर बसला आहे आणि त्याची कड शेजारच्या इलेक्ट्रोडवर थोडी आलेली आहे. शेजारचा इलेक्ट्रोड चालू केला की पुढची कड खाली वाकते, मागची तशीच राहते. दोन्ही बाजूंचा समतोल बिघडतो आणि थेंब पुढे सरकतो. मग त्याच्या पुढचा इलेक्ट्रोड चालू, हा बंद. पटावरच्या सोंगटीसारखा थेंब घर-घर करत जातो. कड शेजारच्या घरावर आलेली असणं अत्यावश्यक आहे. म्हणून थेंब इलेक्ट्रोडपेक्षा किंचित मोठा ठेवतात, आणि पुष्कळदा इलेक्ट्रोडच्या कडा दातेरी करून एकमेकांत गुंतवतात. थेंब थोडा आटला आणि कड मागे आली, तर कितीही व्होल्ट द्या, तो जागचा हलत नाही.

जपानमध्ये मासाओ वाशिझू यांनी १९९८ साली इलेक्ट्रोडच्या रांगेवर थेंब नेऊन दाखवला होता. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातले मायकेल पोलॅक, रिचर्ड फेअर आणि अलेक्झांडर शेंदेरोव्ह यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाने मात्र या क्षेत्राला दिशा मिळाली. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचे ०.७ ते १ मायक्रोलिटरचे थेंब, ४० ते ८० व्होल्ट, आणि सेकंदाला सरासरी ३० मिलिमीटर वेग. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुंग क्वोन चो, ह्येजिन मून आणि चांग-जिन किम यांनी २००३ साली चार मूलभूत क्रिया एकत्र दाखवल्या: साठ्यातून थेंब काढणं, नेणं, तोडणं, जोडणं.

यातली तोडण्याची क्रिया पाहण्यासारखी असते. तीन इलेक्ट्रोड ओळीने घ्यायचे. थेंब मधल्यावर बसलेला. दोन्ही टोकांचे चालू करायचे आणि मधला बंद. थेंब दोन्हीकडे ओढला जातो, मधोमध त्याची मान बारीक होत जाते आणि एका क्षणी तुटते. काचांमधली फट जास्त ठेवली तर मान तुटत नाही. थेंब नुसता ताणून राहतो आणि दाब काढला की परत एक होतो. फटीची उंची आणि इलेक्ट्रोडची रुंदी यांचं प्रमाण जमवणं हे इथलं मर्म आहे.

मिसळण्याची अडचण वेगळी. एवढ्या लहान थेंबात पाणी घुसळत नाही. प्रथिनाच्या रेणूला केवळ विसरणाने एक मिलिमीटर अंतर पार करायला तासाहून अधिक वेळ लागतो. पण जोडलेला थेंब चार-आठ इलेक्ट्रोडवर गोल गोल फिरवला की आतला द्रव स्वतःवरच घड्या घालत जातो आणि काही सेकंदांत एकजीव होतो.

अर्ध्या-अर्ध्याचं गणित

प्रयोगशाळेत रोजचं एक काम असतं: नमुना ठरावीक प्रमाणात पातळ करायचा. मापन-नळी असेल तर सोपं. चिपवर मात्र आपल्याला एवढंच येतं की सारख्या आकाराचे दोन थेंब जोडायचे, मिसळायचे आणि मधोमध तोडायचे. यातून हवं ते प्रमाण कसं मिळवायचं?

समजा पाच-सोळांश तीव्रता हवी आहे. मूळ नमुना म्हणजे १, शुद्ध विद्रावक म्हणजे शून्य. पाच-सोळांश ही संख्या द्विमान पद्धतीत शून्य दशांश ०१०१ अशी लिहितात. तिचे अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे: १, ०, १, ०. अंक १ असेल तर नमुन्याचा थेंब घ्यायचा, ० असेल तर विद्रावकाचा. हातातल्या थेंबात मिसळून निम्मा ठेवायचा. सुरुवात विद्रावकाच्या थेंबाने. पहिला अंक १: शून्य आणि एक यांची सरासरी, अर्धा. दुसरा ०: पाव. तिसरा १: पाव आणि एक यांची सरासरी, पाच-अष्टमांश. चौथा ०: पाच-सोळांश. चार मिसळण्यांत उत्तर हातात. दहा मिसळण्या केल्या तर एक-हजार-चोविसांशाच्या पायऱ्यांनी कोणतंही प्रमाण मिळतं. ही रीत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संगणकशास्त्रज्ञांनी मांडली, आणि मला ती या साऱ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. संगणकाची अंकपद्धती इथे शब्दशः पाण्यात उतरते.

या बाजूने भारतीयांचं योगदान मोठं आहे. खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले कृष्णेंदू चक्रवर्ती यांनी ड्यूक विद्यापीठात असताना अशा चिपच्या संगणकीय आराखड्याचं शास्त्रच उभं केलं: कोणता थेंब कधी कोणत्या वाटेने न्यायचा, दोन थेंब चुकून एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये किती घरं मोकळी ठेवायची, एखादा इलेक्ट्रोड नादुरुस्त झाला तर वाट कशी वळवायची. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत भार्गव भट्टाचार्य आणि त्यांचे विद्यार्थी यांनी पातळ करण्याच्या रीती सुधारल्या, कमीत कमी नमुना वाया जावा असं पाहिलं. कागदावर थेंब बरोबर निम्मा तुटतो. चिपवर थोडा कमी-जास्त तुटतो आणि ती चूक पुढच्या पायरीत जाते. म्हणून चिपनेच थेंब मोजत राहावं लागतं. इलेक्ट्रोडवर थेंब आला की तिथली धारकता बदलते. ती वाचून थेंब कुठे आहे आणि पोचला की नाही, हे यंत्राला कळतं, न पोचल्यास पुन्हा धक्का देता येतो. टोरांटो विद्यापीठात ॲरन व्हीलर यांच्या गटाने केलेली ड्रॉपबॉट ही प्रणाली अशीच चालते.

इलेक्ट्रोड वाढले की तारांचा प्रश्न येतो. प्रत्येक घराला स्वतंत्र तार द्यायची तर हजार घरांना हजार तारा. ऑक्सफर्डमधल्या शार्प कंपनीच्या संशोधकांनी २०१२ साली मोबाइलच्या पडद्यातली युक्ती इथे आणली. प्रत्येक घराखाली ट्रान्झिस्टर, आणि आडव्या-उभ्या प्रत्येकी ६४ ओळी. त्यातून ४,०९६ घरं हवी तशी चालवता येतात.

रक्त आलं की

इथपर्यंत सारं मीठ-पाण्याचं झालं. डॉक्टरांना मीठ-पाण्याची चाचणी नको असते. त्यांना रक्त, लघवी, लाळ तपासायची असते, आणि इथे तो पातळ थर पुन्हा पुढे येतो.

रक्तातल्या प्रथिनांना टेफ्लॉन आवडतो. थेंब पुढे जातो तेव्हा ती मागे लेपावर चिकटून राहतात. ती जागा आता जलरोधी राहिलेली नसते. पुढचा थेंब तिथे आला की अडकतो, आणि अडकला नाही तरी आधीच्या रुग्णाची प्रथिनं बरोबर घेऊन जातो. निदानात ही गोष्ट अक्षम्य आहे. यावर दोन तोडगे निघाले. एक, फटीत हवेऐवजी सिलिकॉन तेल भरायचं. थेंबाभोवती तेलाची बारीक साय राहते, पृष्ठभागाशी थेट संपर्क घटतो, घर्षण कमी होतं आणि थेंब आटतही नाही. ड्यूकच्या विजय श्रीनिवासन, वंशी पामुला आणि रिचर्ड फेअर यांनी २००४ साली तेलात चालणाऱ्या चिपवर रक्त, रक्तद्रव, लघवी, लाळ, घाम आणि अश्रू असे मानवी द्रव हलवून दाखवले आणि ग्लूकोज मोजलं. दुसरा तोडगा टोरांटोच्या गटाचा: थेंबातच प्लुरॉनिक नावाचा पदार्थ अत्यल्प प्रमाणात घालायचा, म्हणजे प्रथिनं पृष्ठभागाकडे वळत नाहीत. दोन्हींना किंमत मोजावी लागते. काही रेणू तेलात निघून जातात, आणि घातलेला पदार्थ एखाद्या चाचणीत ढवळाढवळ करू शकतो. म्हणून प्रत्येक चाचणीसाठी हा थर पुन्हा नव्याने जमवावा लागतो. बातमीत हे काम दिसत नाही. या क्षेत्रातले लोक दिवसाचा मोठा भाग त्यातच घालवतात.

मिसुरी आणि काकुमा

एवढ्या खटाटोपाचा माणसाला उपयोग काय झाला, याची दोन उदाहरणं सांगतो.

पाँपे नावाचा एक जन्मजात आजार आहे. ग्लायकोजेन मोडणारं एक विकर शरीरात नसतं किंवा फार कमी असतं, आणि ग्लायकोजेन हृदयात व स्नायूंत साचत जातं. बाल्यावस्थेत उद्‌भवणाऱ्या प्रकारात उपचार न मिळालेलं मूल बहुधा पहिल्या वाढदिवसाच्या आधीच दगावतं. नसलेलं विकर बाहेरून देण्याचा उपचार २००६ पासून आहे. पण तो लवकर सुरू झाला तरच लाभतो, आणि जन्मतः मूल बहुधा निरोगी दिसतं. म्हणून प्रत्येक नवजाताची तपासणी हवी. टाचेतून घेतलेलं रक्त टीपकागदावर वाळवतात. त्यातून ३.२ मिलिमीटरचा गोल तुकडा काढून त्याचा अर्क करतात. पाँपे, गॉशे, फॅब्री आणि एमपीएस-१ या चारही आजारांत वेगवेगळं विकर मोजावं लागतं आणि प्रत्येकाला वेगळी आम्लता लागते. अर्काचे वेगवेगळे थेंब करून प्रत्येकाला त्याची स्वतंत्र अभिक्रिया द्यायची, हे थेंबांच्या चिपला सहज जमतं.

ड्यूकच्या गटातून २००४ साली निघालेल्या ॲडव्हान्स्ड लिक्विड लॉजिक या कंपनीने हे यंत्र घडवलं. अमेरिकेच्या मिसुरी राज्याच्या सरकारी प्रयोगशाळेने जानेवारी २०१३ पासून राज्यात जन्मणाऱ्या बाळांची या चार आजारांसाठी त्यावर तपासणी सुरू केली. त्याच वर्षी इल्युमिना या दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली. नवजातांच्या तपासणीचं काम पामुला आणि सहकाऱ्यांनी बेबीज या नव्या कंपनीत पुढे चालवलं, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) त्यांच्या सीकर या यंत्राला परवानगी दिली. काचेवर सरकणारा थेंब आता एका सरकारी आरोग्य योजनेचा भाग झाला होता.

दुसरं उदाहरण केनियाच्या वायव्य भागातल्या काकुमा निर्वासित छावणीचं. १९९२ पासून ही छावणी आहे. अशा ठिकाणी गोवराची साथ येण्याआधी किती जणांना प्रतिकारशक्ती आहे हे कळणं जिवाचा प्रश्न असतो. गोवर इतका संसर्गजन्य आहे की साथ रोखायला शंभरात सुमारे ९५ जण सुरक्षित असावे लागतात. पण मोठी प्रयोगशाळा दूर, नमुने थंड ठेवायची सोय नाही, ने-आण कठीण. व्हीलर यांच्या गटाने तिथे एक पेटी नेली. तिच्यातल्या चिपचे इलेक्ट्रोड इंकजेट प्रिंटरने चांदीच्या शाईत छापलेले होते.

चिपवरचा क्रम असा. विषाणूच्या प्रथिनांचा लेप दिलेले चुंबकीय कण थेंबात असतात. बोटातून घेतलेल्या रक्ताचा थेंब त्यांना येऊन मिळतो. रक्तात गोवराविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर ती कणांना चिकटतात. मग खालून चुंबक वर येतं, कण जागी धरून ठेवतं आणि विजेने उरलेला द्रव बाजूला ओढून नेला जातो. धुण्याचे थेंब येतात आणि जातात. नंतर विकर जोडलेलं दुसरं प्रतिपिंड, पुन्हा धुणं, आणि शेवटी असा थेंब की जो विकराच्या सान्निध्यात प्रकाश देतो. प्रकाश मोजला की उत्तर. मोठ्या प्रयोगशाळेत ज्या चाचणीला अनेक नळ्या, धुण्याचं यंत्र आणि तंत्रज्ञ लागतात, ती संपूर्ण चाचणी एका पेटीत झाली.

२०१८ साली प्रसिद्ध झालेले या चाचणीचे निकाल व्हीलर यांच्या गटाने स्वच्छपणे मांडले. गोवराबरोबर रुबेलाविरुद्धची प्रतिपिंडंही तपासली होती. नऊ महिने ते ५९ महिने वयाची मुलं आणि त्यांचे पालक यांचे नमुने घेतले होते, आणि तुलना मोठ्या प्रयोगशाळेच्या चाचणीशी होती. प्रतिपिंडं असलेल्या शंभरांपैकी गोवरात ८६ आणि रुबेलात ८१ जण चिपने बरोबर ओळखले. नसलेल्यांपैकी गोवरात ८० आणि रुबेलात ९१ टक्के बरोबर ओळखले. म्हणजे गोवराविरुद्धची प्रतिपिंडं असूनही शंभरांतल्या १४ जणांची ती चिपला सापडली नाहीत. एका व्यक्तीला निदान सांगायला हे पुरेसं नाही. संपूर्ण वस्तीची स्थिती कळायला, जिथे आजवर काहीच कळत नव्हतं तिथे, हे बरंच आहे. मला या संशोधकांबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो या आकड्यांमुळे. त्यांनी चिप जिथे लागते तिथे नेली, आणि ती कुठे कमी पडते ते लिहून ठेवलं.

आपल्या हातात काय आहे

हे सारं महागड्या स्वच्छ कक्षाशिवाय शक्य नाही, असा आपला समज होऊ शकतो. तो खरा नाही. टोरांटोच्याच गटाने २००८ साली दाखवलं की तांब्याच्या साध्या सर्किट बोर्डावर स्वयंपाकघरात अन्न झाकायला वापरतात ती पातळ प्लॅस्टिकची फिल्म ताणून बसवली तर ती विद्युतरोधक थर म्हणून चालते, आणि मोटारीच्या काचेवर पाणी ठरू नये म्हणून लावतात ते द्रावण जलरोधी लेप म्हणून चालतं. ड्रॉपबॉटचे आराखडे खुले आहेत. स्वित्झर्लंडच्या गाउदीलॅब्सने केलेल्या ओपनड्रॉप या प्रणालीचेही खुले आहेत. पुण्या-मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात सर्किट बोर्ड करून देणारे कारखाने आहेत. इलेक्ट्रॉनिक्स, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तीन विभाग आपल्या कित्येक महाविद्यालयांत एकाच इमारतीत आहेत, आणि त्यांनी एकत्र बसावं असा यापेक्षा चांगला विषय मला माहीत नाही. फक्त दाब शंभर व्होल्टच्या वर जातो, तेव्हा तो मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच हाताळावा.

अशा तंत्राची बातमी आपल्याकडे येते तेव्हा ती बहुधा थेंब किती वेगाने पळाला याची असते. आपण मात्र विचारायला हवं की तो थेंब कशाचा होता. मीठ-पाण्याचा की रक्ताचा? आणि चिपचं उत्तर कोणत्या प्रस्थापित चाचणीशी ताडून पाहिलं, किती वेळा चुकलं? हे प्रश्न शास्त्रज्ञांनी एकमेकांना विचारायचे आहेतच, पण पत्रकारांनी, डॉक्टरांनी आणि आरोग्य खात्यात खरेदीचे निर्णय घेणाऱ्यांनीही विचारायचे आहेत. ज्या देशात तपासणीसाठी रुग्णाला तालुक्याहून जिल्ह्याला जावं लागतं, तिथे चुकीची चिप म्हणजे खर्च झालेला पैसा आणि हुकलेलं निदान, दोन्ही.

आणि समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी कुणी उद्या अशी चिप बनवाल, थेंब पहिल्यांदा सरकेल, आणि तो आनंद मोठा असेल. त्या दिवशी थांबू नका. तोच थेंब त्याच वाटेवरून शंभर वेळा न्या. मग त्यात प्रथिन घाला आणि पुन्हा शंभर वेळा न्या. कितव्या फेरीला तो अडकला, कोणत्या इलेक्ट्रोडवर अडकला, तिथला थर सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो, हे वहीत तारखेसह लिहून ठेवा. नियम ठाऊक असूनही एका थरासाठी विज्ञानाला ११८ वर्षं थांबावं लागलं होतं. रक्तावर, उन्हाळ्यात, ग्रामीण रुग्णालयाच्या टेबलावर वर्षभर टिकेल असा थर अजून घडवायचा आहे, आणि तो तुमच्यासारख्यांच्याच नोंदींमधून घडेल.